फुटबॉल खेळणारीं मुलें आणि त्यांचे आईबाप

वर्धा जिल्ह्याची जमीन काळी, कापसाची. कापसाला ती जितकी मानवते तितकी फुटबॉलला मानवत नाहीं. मे महिन्यांत पारा ४५ अंशांच्या पुढें गेला कीं मैदानाला भेगा पडतात आणि त्या भेगांत धांवणाऱ्याचा पाय मुरगळतो. मृगाचे दोन पाऊस झाले कीं तेंच मैदान बुटांना चिकटून बसतें आणि चेंडू उसळी घेण्याचें विसरतो. तरीहि वर्धा, पुलगांव, हिंगणघाट, आर्वी अशा गांवीं संध्याकाळच्या वेळीं शाळा-महाविद्यालयांच्या पटांगणांवर मुलें चेंडूमागें धांवतांना दिसतात, आणि पटांगणाच्या कडेला आपली दुचाकी उभी करून त्यांच्याकडे पाहणारे एकदोन गृहस्थहि दिसतात. खेळणाऱ्या मुलांविषयीं बोलणारे व लिहिणारे पुष्कळ आहेत. दुचाकीला टेकून उभ्या राहिलेल्या या गृहस्थाच्या मनांत काय चाललेलें असतें, आणि घरीं शिकवणीच्या वेळेकडे डोळे लावून बसलेल्या त्याच्या पत्नीच्या मनांत काय असतें, याचा विचार मात्र क्वचितच होतो. वास्तविक पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाचा खेळ पुढें चालावयाचा कीं थांबावयाचा, याचा निकाल मैदानावर लागत नाहीं. तो या दोघांच्या घरांत लागतो.

सुशिक्षित घरांतून या बाबतींत दोन प्रकारचे आईबाप आढळतात. पहिल्या प्रकारचे आईबाप मुलाला आठवीपर्यंत खेळूं देतात, त्याच्या लहानसहान पदकांचें कौतुकहि करतात. परंतु नववी लागली कीं बूट माळ्यावर जातात. दुसऱ्या प्रकारचे आईबाप अलीकडचे आहेत. २०१४ सालीं इंडियन सुपर लीग ही स्पर्धा सुरू झाली, २०१७ च्या ऑक्टोबरांत १७ वर्षांखालील मुलांचा विश्वचषक भारतांत भरला, आणि त्याच वर्षीं १५ सप्टेंबरला महाराष्ट्रांतील दहा लक्ष मुलांनीं एकाच दिवशीं फुटबॉल खेळावा असा संकल्प सरकारनें सोडून शाळाशाळांतून चेंडू वांटले. तेव्हांपासून कित्येक बापांना आपल्या मुलांत उद्यांचा नामांकित खेळाडू दिसूं लागला. पहिल्या घरांत खेळ म्हणजे वेळेची नासाडी, दुसऱ्या घरांत खेळ म्हणजे भांडवलाची गुंतवणूक. दोन्ही घरें एकमेकांना हंसतात. पण दोघेहि हिशेबाचीच वही उघडून बसलेले असतात. एकानें खर्चाची बाजू भरलेली असते, दुसऱ्यानें जमेची, एवढाच काय तो फरक.

वर्ध्याच्या श्रोत्यांना या प्रश्नाचें एक जुनें उदाहरण परकें वाटूं नये. १९३६ पासून सेवाग्रामीं राहिलेल्या महात्मा गांधींनीं आपल्या आत्मकथेंत राजकोटच्या शाळेंतील एक प्रसंग सांगितला आहे. मुख्याध्यापक दोराबजी एदलजी गिमी यांनीं वरच्या वर्गांना कसरत व क्रिकेट हीं सक्तीचीं केलीं होतीं. मोहनदासाला दोहोंचाहि कंटाळा. स्वभावाचा बुजरेपणा हें त्याचें एक कारण होतें. शाळा सुटतांच घरीं जाऊन आजारी वडिलांची शुश्रूषा करावी, ही ओढ दुसरें. एका शनिवारीं शाळा सकाळची होती व कसरतीसाठीं दुपारीं चार वाजतां परत जावयाचें होतें. मुलाजवळ घड्याळ नव्हतें आणि आभाळ भरून आलेलें; तो पोंचला तेव्हां सर्व मुलें निघून गेलीं होतीं. दुसऱ्या दिवशीं त्यानें घडलें तें सांगितलें. गिमींना तें पटलें नाहीं आणि एकदोन आण्यांचा दंड झाला. मुलाला दंडाचें दुःख नव्हतें, आपण खोटे ठरलों याचें होतें. पुढें करमचंद गांधींनीं मुख्याध्यापकांना स्वतः चिठी लिहून शाळा सुटल्यावर मुलगा आपल्याला घरीं हवा आहे असें कळविलें, आणि कसरतींतून त्याची सुटका झाली.

ही चिठी लक्षांत ठेवण्यासारखी आहे. बापाला मुलगा घरीं हवा होता. मुलालाहि तेंच हवें होतें. त्यांत जुलूम असा कांहीं नव्हता, उलट सेवेची थोर भावना होती. तरीहि प्रौढपणीं आत्मकथा लिहितांना गांधींनीं आपल्या त्या नावडीला चूकच म्हटलें आहे. शिक्षणक्रमांत शरीराच्या शिक्षणाला बुद्धीच्या शिक्षणाइतकेंच स्थान असावें, अशी त्यांची खात्री झाली होती. दहावीच्या वर्षीं मुलगा स्वतःच खेळ सोडावयास तयार झाला, आम्हीं त्याला भाग पाडलें नाहीं, असें सांगणारे पालक पुष्कळ भेटतात. तें खोटें असतें असें नव्हे. पण मुलें घरांतील वारा ओळखतात, आणि आईबापांची इच्छा आपल्याच तोंडून बोलून दाखविण्यांत तीं फार तरबेज असतात.

येथें एक गंमतीची गोष्ट सांगण्याचा मोह आवरत नाहीं. १९३७ च्या ऑक्टोबर महिन्याच्या २२ व २३ तारखांना वर्ध्यास मारवाडी विद्यालयांत गांधींच्याच अध्यक्षतेखालीं शिक्षण-परिषद भरली आणि तींतून नई तालीमची योजना जन्मास आली. डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीनें त्या योजनेचा जो साडेपांच तासांचा दिनक्रम आंखला त्यांत मूलोद्योगाला ३ तास २० मिनिटें होतीं आणि शरीरशिक्षणाला १० मिनिटें. सूत कांततां कांततां व वाफे खणतां खणतां शरीराचें काम आपोआप होईल, असें समितीला वाटलें असावें. दहा मिनिटांत फुटबॉलचा पूर्वार्धसुद्धां होत नाहीं! आजच्या शाळांच्या वेळापत्रकांत शरीरशिक्षणाला याहून पुष्कळ अधिक जागा दिलेली दिसते खरी. परंतु दहावीच्या वर्गांत तो तास बहुधा गणितानें गिळलेला असतो.

आतां दुसऱ्या प्रकारच्या घरांकडे वळलें पाहिजे, कारण त्यांची आशा अधिक मोठी आणि म्हणून त्यांची निराशाहि अधिक खोल. मुलगा चांगला खेळतो, तालुक्यांत पहिला आला, जिल्ह्याच्या संघांत निवडला गेला. आतां त्यानें धंदेवाईक खेळाडू कां होऊं नये, असा त्यांचा सवाल असतो. या सवालाला कोष्टक मांडूनच उत्तर देणें बरें. देशांतील सर्वांत वरच्या स्पर्धेंत, म्हणजे इंडियन सुपर लीगमध्यें, २०२४-२५ च्या हंगामांत १३ संघ होते. एका संघांत पंचवीस-तीस खेळाडू धरले आणि त्यांतून परदेशी खेळाडू वजा केले तर सबंध भारतांतील मुलांसाठीं उरणाऱ्या जागा सुमारें तीनशें होतात. या जागा दर वर्षीं रिकाम्या होत नाहींत. एकदां बसलेला खेळाडू आठ-दहा वर्षें ती अडवून ठेवतो. शिवाय त्या जागांवर मणिपूर, मिझोराम, गोवा, बंगाल, केरळ, पंजाब येथील मुलांचा डोळा असतो, आणि त्यांच्या गल्लींत हा खेळ तिन्हीत्रिकाळ चालतो. २०१७ च्या विश्वचषकासाठीं निवडलेल्या भारताच्या २१ मुलांपैकीं ८ एकट्या मणिपूरचे होते. लोकसंख्येच्या मानानें मणिपूर हा महाराष्ट्राच्या एखाद्या जिल्ह्याएवढा प्रांत!

संख्या लहान आहे हें एक वेळ सोसतां येईल. जास्त विचार करावयास लावणारी गोष्ट ही कीं, जे क्लब या मुलांना पोसणार ते स्वतःच टिकत नाहींत. मुंबईच्या महिंद्र युनायटेडनें २००५-०६ सालीं राष्ट्रीय लीग जिंकली होती. तो संघ २०१० सालीं बंद झाला. पुणें एफ. सी. २०१५ मध्यें उठला. पुण्यांतीलच भारत एफ. सी. हा संघ एक हंगाम खेळून त्याच वर्षीं दिसेनासा झाला. मुंबई एफ. सी. आणि डी. एस. के. शिवाजीयन्स या दोघांचा शेवट २०१७ सालीं झाला, आणि एफ. सी. पुणें सिटी २०१९ मध्यें विसर्जित झाला. दहा वर्षांच्या आंत एकट्या महाराष्ट्रांतले सहा मोठे संघ! यांतील प्रत्येक संघाच्या प्रबोधिनींत वा कनिष्ठ संघांत आपला मुलगा शिरला म्हणून कोणत्या ना कोणत्या घरीं पेढे वांटले गेले असतील. आणि हें केवळ महाराष्ट्राचेंच दुर्दैव म्हणावें तर २०२५ च्या जुलैंत इंडियन सुपर लीगचा सबंध हंगामच व्यवस्थापनाच्या कराराच्या वादापायीं स्थगित झाला. ठरल्या वेळीं स्पर्धा सुरू झाली नाहीं आणि कांहीं क्लबांनीं खेळाडूंचे पगार थांबविले. ज्यांचीं नांवें मुलें पाठीवर छापून मिरवितात ते खेळाडूहि त्या पावसाळ्यांत घरीं बसले होते.

मग खेळांतून पोटापाण्याचें कांहींच साधत नाहीं काय? साधतें, पण तें निराळ्या वाटेनें. मोठ्या लीगचा झगमगाट नव्हता त्या काळापासून रेल्वे, पोलीस, लष्कर, बँका यांनीं खेळाडूंना नोकऱ्या दिल्या आहेत, आणि वर्ध्यासारख्या रेल्वेच्या जंक्शनावर वाढलेल्या मुलांना ही वाट नवी नाहीं. महाराष्ट्रांत २००५ पासून सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंसाठीं शेंकडा ५ जागा राखीव आहेत. दहावी-बारावीच्या परीक्षांत नियमांप्रमाणें वाढीव गुणहि मिळतात. या सवलती योग्यच आहेत. मात्र त्यांनीं एक चमत्कारिक जात निर्माण केली आहे, ती म्हणजे खेळाऐवजीं प्रमाणपत्रासाठीं मैदानावर येणाऱ्यांची. मुलाचा संघ विभागीय स्पर्धेंत जिंकला कीं हरला यापेक्षां त्या सामन्यानें किती गुण जमा झाले, हा प्रश्न घरीं प्रथम विचारला जातो. मुलगा राखीव खेळाडूंच्या बांकावरून उठला नाहीं तरी चालतें, कागद मिळाला म्हणजे झालें. हीच वृत्ती पुढें बनावट प्रमाणपत्रांपर्यंत पोंचते, आणि तशीं प्रकरणें महाराष्ट्रांत उघडकीस येऊन नोकऱ्याहि गेलेल्या आहेत. ज्या घरांत मुलाला खोटें बोलूं नये म्हणून शिकविलें जातें, त्याच घरांत हा कागद पैशानें मिळत असेल तर चौकशी करण्यास काय हरकत, असाहि विचार होतो, हें शरमेनें म्हणावें लागतें.

वयाच्या दाखल्याची गोष्ट याच मासल्याची. शालेय स्पर्धांतील गट १४, १७ व १९ वर्षांखालील असे असतात आणि वय १ जानेवारीच्या हिशेबानें मोजलें जातें. आपल्याकडे जुन्या पिढीत १ जून या दिवशीं जन्मलेल्यांची संख्या निसर्गाच्या कोणत्याहि नियमांत बसत नाहीं. ती शाळेंत नांव घालणाऱ्या गुरुजींची कृपा. तेव्हां गुरुजींची सोय होती, आतां मात्र आईबापांची हांव आहे. सोळा वर्षांचा मुलगा कागदावर चवदा वर्षांचा करून धाकट्यांत खेळविला तर तो उठून दिसणार यांत नवल तें काय? पण जागतिक फुटबॉल संघटनेनें २००९ पासून १७ वर्षांखालील विश्वचषकांत मनगटाच्या हाडांचें चुंबकीय चित्र काढून वय तपासण्याची पद्धत सुरू केली, आणि आपल्या देशांतहि निवडीच्या वेळीं हाडांवरून वय पाहतात. हाड खोटें बोलत नाहीं. त्या दिवशीं मुलगा संघांतून गळतो तेव्हां अपराध बापाचा असतो आणि डाग मुलाला लागतो.

वय खरें असलें तरी वाढीचा वेग सर्वांचा सारखा नसतो, ही गोष्ट फार थोड्या पालकांना ठाऊक असते. मुलग्यांची उंची साधारणतः चवदाव्या वर्षाच्या सुमारास सर्वांत झपाट्यानें वाढते. कोणाची बाराव्याच वर्षीं वाढते तर कोणाची सोळावें उजाडेपर्यंत थांबते. मुलींत हा काळ सुमारें दोन वर्षें आधीं येतो. तेरा वर्षांचा थोराड मुलगा आपल्या वर्गमित्रांना खांद्यानें बाजूला सारून गोलामागून गोल करतो तेव्हां त्याच्या बापाला तो अद्वितीय वाटतो. तीन वर्षांनीं तेच वर्गमित्र त्याच्याएवढे होतात, आणि चेंडूवरची नाजूक हुकमत त्यांनीं दुबळेपणांतच कमावलेली असते. आपला मुलगा एकाएकीं मागें कां पडला, हें बापाला कळत नाहीं. तो प्रशिक्षकाला, निवड समितीला, जातीपातीला, क्वचित् मुलाच्या मित्रांनाहि दोष देतो. उलट उशिरा वाढणारा, हडकुळा पण चलाख मुलगा चवदाव्या वर्षीं निवडींतून वगळला जातो आणि त्याचे आईबाप हायसें वाटून त्याला शिकवणीच्या वर्गांत नेऊन बसवितात. खेळाचें खरें नुकसान या दुसऱ्या मुलाच्या जाण्यानें होतें, आणि त्याची कोठेंहि नोंद होत नाहीं.

याच वाढीच्या काळांत गुडघ्याच्या वाटीखालीं, नळीच्या हाडाच्या वरच्या उंचवट्यावर दुखूं लागतें. १९०३ सालीं ऑसगुड व श्लाटर या दोन वैद्यांनीं त्याचें स्वतंत्रपणें वर्णन केलें म्हणून त्याला त्यांचीं नांवें मिळालीं. तो कांहीं मोठा रोग नव्हे. धांवणें-उड्या मारणें कमी केलें, वाढ पुरी झाली, कीं बहुधा आपोआप बरा होतो. परंतु निवडीची तारीख जवळ आलेली असते, बाप पट्टी बांधून देतो, आणि मुलगा दुखतें म्हणून सांगत नाहीं. कां सांगत नाहीं? कारण आपण खेळलों नाहीं तर घरांतला आनंद मावळेल, हें त्याला माहीत असतें. ज्या मुलाला आपलें दुखणें आईबापांपासून लपवावेंसें वाटतें त्याच्यावर अपेक्षेचें ओझें किती झालें आहे हें वेगळें मोजावयास नको.

२०१७ च्या त्या भारतीय संघांत दोन मराठी मुलगे होते, आणि त्यांच्या पार्श्वभूमींतील अंतर विचार करण्यासारखें आहे. एक कोल्हापूरचा अनिकेत जाधव. त्याचे वडील रिक्षा चालवीत. कोल्हापूर हें तालमींच्या नांवानें फुटबॉलचे संघ चालविणारें शहर. तेथें मुलगा फुटबॉल खेळतो हें सांगतांना बापाला मान खालीं घालावी लागत नाहीं. अनिकेत राज्य सरकारच्या क्रीडा प्रबोधिनींत शिकला, आणि पुढें जमशेदपूर, हैदराबाद, ओडिशा अशा क्लबांकडून खेळला. दुसरा नमित देशपांडे, अमेरिकेंत वाढलेला. तिकडे या खेळाला सॉकर म्हणतात आणि त्याचें नातें महाविद्यालयाच्या फीशीं जोडलेलें असतें. खेळानें शिष्यवृत्ती मिळेल या आशेनें मध्यमवर्गीय आईबाप शनिवार-रविवार मुलांना मोटारींतून मैदानोमैदानीं हिंडवितात. तेथील हिशेबहि आपल्याहून फारसा उदार नाहीं. हायस्कुलांत सॉकर खेळणारे मुलगे चार लक्षांहून अधिक. त्यांपैकीं महाविद्यालयांच्या राष्ट्रीय संघटनेच्या सामन्यांत खेळावयास मिळतें तें शेंकडा पांच-सहा जणांना. पहिल्या श्रेणीच्या महाविद्यालयाला मुलग्यांच्या संघासाठीं वर्षानुवर्षें अवघ्या ९.९ शिष्यवृत्त्यांची मर्यादा होती, आणि त्या पंचवीस-तीस खेळाडूंत तुकडे करून वांटल्या जात. ही मर्यादा २०२५ सालीं बदलली. तोंवर कित्येक घरांत शिष्यवृत्तीच्या तुकड्याहून अधिक रक्कम तिच्या पाठलागांत खर्च होऊन गेलेली होती. श्रीमंत देशांतील पालकहि याच भोंवऱ्यांत सांपडलेले आहेत, हें ऐकून वर्ध्याच्या पालकांनीं समाधान मानावें असें मात्र नाहीं.

वर्ध्याहून पाऊणशें किलोमीटरांवर नागपुरास याच्या अगदीं विरुद्ध चित्र पाहावयास मिळतें. हिस्लॉप कॉलेजांतील क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनीं पावसांत झोपडपट्टींतील मुलें फुटक्या बादलीला लाथा मारून खेळतांना पाहिलीं, आणि २००१ सालीं त्यांच्यासाठीं फुटबॉलचा उद्योग आरंभिला. तो पुढें स्लम सॉकर या नांवानें ओळखला गेला, आणि त्यांतून निवडलेले संघ बेघरांच्या विश्वचषक स्पर्धेसाठीं परदेशीं गेले. नागराज मंजुळे यांचा २०२२ सालचा ‘झुंड’ हा बोलपट याच कामावर आधारलेला आहे. या मुलांकडून त्यांच्या खेळाबाबत घरीं कोणाचीच कसली अपेक्षा नव्हती. अपेक्षा नव्हती म्हणून मोकळीक होती, आणि अपेक्षा नव्हती म्हणूनच पाठबळहि नव्हतें. शाळा सुटली तर विचारणारें कोणी नाहीं, पाय मोडला तर दवाखान्यांत नेणारें कोणी नाहीं. तेव्हां आईबापांनीं कांहींच अपेक्षा करूं नये, असा जो सल्ला हल्लीं सहज दिला जातो तो सुखवस्तु घराबाहेर फारसा टिकत नाहीं. ज्या मुलाकडून कोणी कसलीच अपेक्षा करीत नाहीं त्याला स्वतःची किंमतहि लवकर कळत नाहीं. प्रश्न अपेक्षा असावी कीं नसावी हा नाहींच. ती कशाची असावी, हा आहे. मुलानें सरावाला वेळेवर जावें, हरल्यावर प्रतिस्पर्ध्याशीं नीट वागावें, पंचाचा निर्णय मानावा, सोबत्यांना दगा देऊं नये, ही अपेक्षा कोणत्याहि बापानें खुशाल करावी. ती पुरी करणें मुलाच्या हातीं असतें. त्यानें राज्याच्या संघांत निवडलें जावें, हें त्याच्या हातीं नसतें.

मुलींच्या बाबतींत तर पुष्कळ घरांत अपेक्षेचा प्रश्नच उद्भवत नाहीं, परवानगीचा उद्भवतो. अर्ध्या चड्डींत खेळावयाचें, संध्याकाळीं उशीरा परत यावयाचें, उन्हानें काळवंडावयाचें. यांतील शेवटली गोष्ट आया मोठ्यानें बोलतात आणि पहिल्या दोन मनांत ठेवतात. २०२२ सालीं मुलींचा १७ वर्षांखालील विश्वचषकहि भारतांत झाला व त्याचे कांहीं सामने नवी मुंबईस झाले. त्या भारतीय संघाची कर्णधार अस्तम उरांव ही झारखंडांतील गुमला जिल्ह्यांतल्या एका खेड्यांतली. तिच्या सन्मानार्थ तिच्या गांवाकडे जो रस्ता होत होता, त्याच रस्त्यावर तिचे आईबाप रोजंदारीनें काम करीत असल्याच्या बातम्या त्या दिवसांत आल्या होत्या. त्या मातापित्यांनीं लेकीला अडविलें नाहीं. वर्ध्या-नागपुराकडील एखाद्या प्राध्यापकाच्या घरीं तीच मुलगी असती तर ती नववीच्या पुढें मैदानावर दिसली असती काय, हा प्रश्न अवघड आहे.

महाविद्यालयाची पायरी चढतांना खरी कसोटी लागते. वर्ध्याच्या दोन बाजूंना दोन वैद्यकीय महाविद्यालयें आहेत, १९६९ पासूनचें सेवाग्रामचें आणि १९९० पासूनचें सावंगीचें. शहरांतील आईबाप येतांजातांना त्यांच्या पाट्या पाहतात, आणि त्या पाट्यांचा अकरावी-बारावीच्या मुलांच्या आयुष्यावर जेवढा परिणाम होतो तेवढा कोणत्याहि फुटबॉलपटूचा होत नाहीं. सकाळीं शिकवणी, दुपारीं महाविद्यालय, संध्याकाळीं पुन्हा शिकवणी. मुलें सतराव्या वर्षीं मैदान सोडतात तीं कायमचींच. नागपूर विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन सामन्यांत व त्यानंतर पश्चिम विभागाच्या आंतरविद्यापीठ स्पर्धेंत जे खेळतात, ते शाळेंतील सर्वोत्तम खेळाडू असतातच असें नव्हे. घरच्यांनीं ज्यांना खेळूं दिलें ते असतात.

यावर पालकांचें ठरलेलें उत्तर असें, कीं परीक्षा आणि स्पर्धा एकाच वेळीं येतात, मग करावें काय? हें उत्तर पंचांगाशीं ताडून पाहण्यासारखें आहे. शालेय फुटबॉलचे सामने बहुतांशीं पावसाळ्यांत व त्यानंतरच्या दोनतीन महिन्यांत उरकतात. १९६० सालीं सुरू झालेली सुब्रोतो चषक स्पर्धा, जिला भारतीय वायुसेनेचे पहिले भारतीय प्रमुख सुब्रोतो मुखर्जी यांचें नांव आहे, तिच्याहि जिल्ह्यांतील फेऱ्या पावसाळ्यांतच होतात. दहावी-बारावीच्या परीक्षा असतात फेब्रुवारी-मार्चांत. दिवाळीनंतर मुलाला अभ्यासासाठीं तीन महिने मिळत नाहींत काय? मिळतात. दोहोंचा मेळ घालणें कठीण असेल, अशक्य नाहीं; अशक्य होतें तें शिकवणीचे वर्ग जूनपासूनच मुलाचा रविवारसुद्धां मागूं लागल्यामुळें, आणि तो रविवार आईबाप पैसे भरून देऊन टाकतात म्हणून.

खऱ्या अडचणी निराळ्याच असतात आणि त्या फार साध्या असतात. आर्वीच्या किंवा समुद्रपूरच्या मुलाला सरावासाठीं वर्ध्यास यावयाचें तर परतीच्या एस. टी. ची वेळ सरावाच्या मध्येंच येते. बुटांचा जोड वाढत्या पायाला दर वर्षीं नवा लागतो. निवड चांचणी भर दुपारीं ठेवलेली असते आणि मैदानावर पिण्याचें पाणी नसतें. अशा वेळीं एखाद्या बापानें मैदानाकडेला उभें राहून ‘पास दे, मार, सोडूं नको’ असें ओरडण्यापेक्षां चार पालकांना बरोबर घेऊन आगारप्रमुखांना भेटणें, किंवा पाण्याचा एक पिंप तेथें नेऊन ठेवणें अधिक उपयोगाचें ठरेल. ओरडण्यानें मुलाचें लक्ष चेंडूवरून उडून बापाच्या चेहऱ्यावर जातें; आणि सामना संपल्यावर घरीं परततांना दुचाकीवर मागें बसलेल्या मुलाला ज्या चुका ऐकवाव्या लागतात त्या त्यानें आधींच मोजलेल्या असतात. प्रशिक्षकाच्या सूचना आणि बापाच्या सूचना बहुधा एकमेकींच्या उलट असतात, हें आणखी वेगळेंच.

जिल्ह्याच्या संघांत निवड झालेल्या मुलाला बाहेरगांवीं नेण्यापूर्वीं पालकाच्या संमतीचा एक अर्ज भरून द्यावा लागतो. तो अर्ज शाळेंतून चार दिवस आधीं मिळालेला असतो. घरांत त्याविषयीं काय बोललें जाईल याचा अंदाज घेत मुलगा तो वहींत जपून ठेवतो, आणि निघण्याच्या आदल्या रात्रीं, जेवणें झाल्यावर, बापाची वृत्ती बरी आहे असें पाहून सहीसाठीं पुढें करतो.